पिकरिंग ते व्हिटबी: वारसा रेल्वेचे डबे जेथे मुख्य मार्गावर उतरतात

इंग्लंडच्या उत्तर यॉर्कशायरमधील ‘नॉर्थ यॉर्कशायर मूर्स रेल्वे’ ही जतन केलेली रेल्वे पिकरिंग या छोट्या गावापासून ग्रॉसमाँटपर्यंत सुमारे १८ मैल, म्हणजे २९ किलोमीटर धावते. एवढ्यावरच ती थांबली असती तर ती त्या देशातल्या अनेक चांगल्या वारसा रेल्वेंपैकी एक ठरली असती. तिच्या काही गाड्या मात्र ग्रॉसमाँटला आपली हद्द ओलांडतात, राष्ट्रीय रेल्वेच्या चालू मार्गावर येतात आणि आणखी ६ मैल जाऊन समुद्रकाठच्या व्हिटबीला पोहोचतात. २००७ पासून ही सेवा नियमितपणे चालते आणि हे परीक्षण मुख्यतः तिचेच आहे. पिकरिंग ते ग्रॉसमाँट हा भाग देखणा आहे हे सगळेच सांगतात. मला मात्र या सेवेचे खरे मोल ग्रॉसमाँटच्या त्या सांध्यात दिसते, जेथे संग्रहालयातली म्हणावी अशी गाडी रोजच्या वाहतुकीच्या रुळांवर हक्काने उभी राहते.

हा हक्क का महत्त्वाचा आहे ते कळण्यासाठी मार्गाचा इतिहास थोडक्यात सांगणे भाग आहे. व्हिटबी ते पिकरिंग हा मार्ग जॉर्ज स्टीफन्सन यांनी आखला आणि १८३६ मध्ये तो पूर्ण उघडला, तेव्हा त्यावर घोडे गाड्या ओढत असत. बेक होल येथील तीव्र उतारावर डबे दोरखंडाने वर-खाली नेले जात. वाफेची इंजिने आली, तरी तो उतार तसाच राहिला. अखेर १८६५ मध्ये त्याला वळसा घालणारा नवा मार्ग बांधला गेला आणि इंजिनांना सलग धावता येऊ लागले. त्याच वर्षी पश्चिमेकडून येणारा मार्ग ग्रॉसमाँटला येऊन मिळाला. पुढे एक शतकभर वाहतूक चालली आणि १९६५ मध्ये ग्रॉसमाँटच्या दक्षिणेचा मार्ग बंद झाला. १९६७ मध्ये स्थानिक लोकांनी तो वाचवण्यासाठी संस्था उभारली आणि १९७३ मध्ये गाड्या पुन्हा सुरू झाल्या. पिकरिंगच्या दक्षिणेला माल्टनकडे जाणारे रूळ मात्र तोपर्यंत उखडले गेले होते. त्यामुळे आज या रेल्वेला देशाच्या जाळ्याशी जोडणारे दार एकच उरले आहे, ते म्हणजे ग्रॉसमाँट. व्हिटबी–पिकरिंग हा मूळचा मुख्य मार्ग आणि मिडल्सब्रोकडे जाणारा फाटा नंतरचा. आज मात्र फाटा राष्ट्रीय मार्ग झाला आहे आणि मूळ मार्ग वारसा ठरला आहे. म्हणून पिकरिंगहून आलेली गाडी व्हिटबीकडे जाते तेव्हा ती कोणा परक्याच्या घरात शिरत नाही, आपल्याच जुन्या वाटेने जाते. ही जाणीव असेल तर पुढचा सगळा प्रवास अधिक उमगतो.

पिकरिंगपासूनचा पहिला टप्पा न्यूटनडेल या हिमयुगात कोरल्या गेलेल्या दरीतून जातो. लेव्हिशॅम आणि गोथलँड ही स्थानके जुन्या काळासारखी राखली आहेत, कर्मचारी आणि स्वयंसेवक आपुलकीने वागतात आणि गाडी ताशी २५ मैलांची मर्यादा पाळत निवांत चालते. हेदरची झुडपे, मेंढ्या, झाडीतून वर येणारा धूर हे सारे आहे आणि ते चांगले आहे. गोथलँड सोडले की गाडी ४९ फुटांना १ फूट अशा उतारावरून ग्रॉसमाँटकडे खाली येते. जाताना इंजिनाला काम नसते, ब्रेकला असते. या चढाची खरी परीक्षा परतताना होते.

ग्रॉसमाँटला माझा सल्ला असा की वेळ हाताशी ठेवून उतरावे. फलाटाजवळच रस्त्यावरचे रेल्वे फाटक आहे आणि शेजारी सिग्नल केबिन. फाटकापलीकडे पायी जाण्यासाठी स्टीफन्सनच्या काळातला, घोड्यांच्या गाड्यांसाठी खोदलेला अरुंद बोगदा आहे. त्यातून गेले की दुसऱ्या बाजूला या रेल्वेची इंजिनांची शेड लागते. जगातल्या प्रवासी रेल्वेच्या आरंभकाळातील बोगद्यातून चालत जाऊन आज तापत असलेले इंजिन पाहायला मिळणे ही गोष्ट तिकिटाच्या किमतीत धरलेली नाही, पण तिचे मोल मोठे आहे. फलाटांची रचनाही पाहण्यासारखी आहे. एक फलाट राष्ट्रीय मार्गाचा, जेथे मिडल्सब्रो–व्हिटबी डिझेल गाड्या थांबतात. उरलेले वारसा रेल्वेचे. दोन्हींच्या मध्ये केवळ काही पावलांचे अंतर आहे, परंतु नियमांच्या दृष्टीने ही दोन वेगळी राज्ये आहेत.

कित्येकदा व्हिटबीच्या गाडीचे इंजिन येथे बदलले जाते. मूर्सवरून, म्हणजे त्या उंच माळरानांवरून, आलेले इंजिन सुटते आणि मुख्य मार्गासाठी प्रमाणपत्र असलेले इंजिन जोडले जाते. हे काम फलाटाच्या टोकाला उभे राहून जवळून पाहता येते. फायरमन इंजिन आणि डब्याच्या मध्ये उतरतो, जड साखळी आकड्यावर चढवतो, मधला स्क्रू फिरवून ती घट्ट करतो, मग निर्वात ब्रेकच्या जाड रबरी नळ्या एकमेकींना जोडतो. इंजिनातला इजेक्टर नळीतली हवा खेचू लागतो आणि मापकाचा काटा हळूहळू पाऱ्याच्या २१ इंचांपर्यंत चढतो. त्यानंतर शेवटच्या डब्यातला गार्ड आपल्याकडची झडप उघडतो. इंजिनातला काटा झपकन खाली आला तरच पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत ब्रेक सलग जोडला गेला आहे याची खात्री पटते. ही चाचणी झाल्यावाचून गाडी हलत नाही. रोजचीच गोष्ट असूनही ती करणाऱ्यांच्या हालचालीत घाई किंवा दिखावा नसतो, आणि या सेवेविषयीचा माझा विश्वास तेथेच सर्वाधिक वाढला.

सांधा ओलांडण्यापूर्वी परवानगी लागते. एस्क नदीच्या खोऱ्यातला हा मार्ग एकेरी आहे आणि त्यावर टोकन पद्धत आहे. आपल्याकडे एकेरी मार्गावर चालकाच्या हाती परवानगीचा टोकन-गोळा पडल्याशिवाय गाडी सुटत नसे, तेच तत्त्व येथेही आहे. फरक इतकाच की वाटेतल्या स्थानकांवर सिग्नलमन नाही. टोकनची यंत्रे मार्गावर बसवलेली आहेत आणि दूर नन्थॉर्पच्या केबिनमधून मिळणाऱ्या संमतीने गाडीवरची माणसेच टोकन काढतात आणि परत ठेवतात. एक गाडी त्या तुकड्यात असेपर्यंत दुसरीला टोकन मिळतच नाही. म्हणजे शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची कल्पना आजच्या डिझेल गाड्यांना आणि वाफेच्या गाडीला सारखाच नियम लावते. वेळापत्रकाची तंगीही यातूनच येते. मिडल्सब्रोहून येणारी गाडी उशिरा असेल तर वाफेच्या गाडीला थांबावे लागते आणि वाफेची गाडी रेंगाळली तर गावकऱ्यांची रोजची गाडी खोळंबते. व्हिटबीला दिवसाकाठी येणाऱ्या नियमित गाड्या मुळातच मोजक्या आहेत. त्यांच्या मधल्या जागेत या फेऱ्या बसवलेल्या आहेत. ज्यांना पाच-दहा मिनिटांचा थांबा अवघड वाटतो त्यांनी तो का आहे हे एवढे जाणून घ्यावे.

आता इंजिनाविषयी. आजीच्या वेळचे पितळेचे पातेले फडताळात मांडून ठेवायचे तर ते घासले तरी पुरते. त्यात रोजचा स्वयंपाक करायचा तर आधी कल्हई करावी लागते. वारसा मार्गावर धावणारे इंजिन आणि मुख्य मार्गावर जाणारे इंजिन यांत असाच फरक आहे. स्वतःच्या कुंपणात, ताशी २५ मैलांनी धावताना जी तपासणी लागते ती कमी नसते: बाष्पक ठरावीक मुदतीने पूर्ण उतरवून तपासावा लागतो आणि तो खर्च अशा संस्थांना जेरीस आणतो. राष्ट्रीय जाळ्यावर यायचे तर त्यावर आणखी थर चढतात. चाकांच्या कडांचा आकार आणि जाडी मोजली जाते, आसांची ध्वनिलहरींनी तपासणी होते, इंजिनाची उंची-रुंदी पुलांच्या आणि फलाटांच्या मापाशी ताडून पाहिली जाते, आणि दर धुरीवरचे वजन त्या मार्गाला झेपते का हे ठरवले जाते. त्याशिवाय पुढच्या सिग्नलची सूचना घंटेने किंवा भोंग्याने देणारी यंत्रणा, लाल सिग्नल ओलांडल्यास आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा, गाडीची प्रत्येक हालचाल नोंदवणारे यंत्र आणि सिग्नलमनशी थेट बोलणारा रेडिओ, हे सगळे विजेवर चालणारे सामान अशा इंजिनात बसवावे लागते ज्याच्या मूळ आराखड्यात त्याची कल्पनाही नव्हती. या फेऱ्यांवर वर्षानुवर्षे दिसलेले ४५४२८ क्रमांकाचे ‘एरिक ट्रेसी’ हे इंजिन १९३७ चे आहे आणि ७६०७९ हे १९५७ चे. कोळशाची धूळ, उष्णता आणि हादरे यांत इलेक्ट्रॉनिक पेट्या टिकवणे हे काम वाटते त्याहून फार कठीण आहे.

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणाला वाटेल तर त्याने २०१५ मधली इंग्लंडमधील वूटन बॅसेट जंक्शनची घटना आठवावी. मार्च महिन्यात वाफेच्या इंजिनाची एक खास गाडी तेथे लाल सिग्नल ओलांडून थेट जंक्शनच्या तोंडाशी जाऊन थांबली. अवघ्या मिनिटभरापूर्वी तेथून एक जलद प्रवासी गाडी गेली होती. आपोआप लागणारा ब्रेक गाडीवरच्या माणसांनी निष्प्रभ केला होता, असे चौकशीत निष्पन्न झाले. कोणीही जखमी झाले नाही, पण वाफेच्या गाड्यांना मुख्य मार्गावर येऊ द्यावे की नाही हा प्रश्न त्या दिवशी साऱ्या देशाने विचारला. आपल्याकडे बसवले जाणारे, गाडी आपोआप थांबवणारे ‘कवच’ ज्या गरजेतून आले, तीच ही गरज. जुने इंजिन म्हणून त्याला सवलत द्यावी, असे मला अजिबात वाटत नाही. नव्या गाडीच्या शेजारून धावायचे तर तिच्याइतकेच सुरक्षित असावे लागते.

डब्यांचा प्रश्न इंजिनाहूनही नाजूक आहे. या गाडीला १९५० च्या दशकापासून बांधले गेलेले ‘मार्क १’ जातीचे डबे असतात. त्यांची दारे बिजागरीवर बाहेर उघडतात. बहुतेक दारांत खिडकीची काच खाली सरकवून हात बाहेर काढावा लागतो आणि बाहेरची पितळी मूठ फिरवावी लागते. मूठ थंडगार आणि जड असते आणि दार बंद होताना होणारा तो घट्ट आवाज ऐकण्यासाठीच कित्येक जण येतात. पण ब्रिटनच्या १९९९ च्या रेल्वे सुरक्षा नियमांनुसार मध्यवर्ती कुलूप नसलेल्या अशा दारांच्या आणि या जातीच्या डब्यांच्या मुख्य मार्गावरील वापराला मनाई आहे. सूट मिळते ती नियामक यंत्रणेने घातलेल्या अटींवर. दारांना जादा कड्या बसवणे, दारांवर माणसे नेमणे अशा अटी वेगवेगळ्या चालकांना घातल्या गेल्या आहेत. स्कॉटलंडमधील फोर्ट विल्यम ते मॅलेग या प्रसिद्ध वाफेच्या गाडीवरून याच मुद्द्यावर वाद होऊन प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०२३ च्या अखेरीस न्यायालयाने नियामकाच्या बाजूने कौल दिला. तेव्हा दारापाशी उभा असलेला स्वयंसेवक खिडकीबाहेर डोकावू नका असे सांगतो, तेव्हा तो उगाच रसभंग करत नसतो. त्याचे ऐकले जाते म्हणूनच ही गाडी उद्याही सुटेल.

येथे एक विरोधाभास सांगायला हवा. रूळ जोडलेले आहेत, तरीही पाहुणी इंजिने या रेल्वेवर पुष्कळदा रस्त्याने येतात. दुसऱ्या वारसा रेल्वेचे इंजिन उत्सवासाठी आणायचे तर त्याच्याकडे मुख्य मार्गाचे प्रमाणपत्र बहुधा नसते. ते विझवलेल्या अवस्थेत ओढत न्यायचे म्हटले तरी तपासणी, परवाने, ओढायला दुसरे इंजिन, जुळणारा ब्रेक, त्याला झेपेल असा संथ वेग आणि त्या संथ गाडीसाठी व्यग्र मार्गावर मोकळी वेळ, हे सगळे मिळवावे लागते. त्यापेक्षा टेंडर, म्हणजे मागचा कोळसा-पाण्याचा डबा, वेगळा करून इंजिन आणि टेंडर दोन अवजड ट्रेलरांवर चढवणे स्वस्त आणि सुटसुटीत पडते. ४५४२८ सारखे इंजिन टेंडरशिवायच ७२ टनांच्या घरात जाते. असे धूड मूर्सच्या अरुंद रस्त्यांवरून आणणाऱ्यांचे कौशल्य वेगळेच. मला मात्र याची हळहळ वाटते. रुळांसाठी घडलेली वस्तू रूळ असूनही रस्त्याने जावी ही परिस्थिती पैशाने आणि नियमांनी निर्माण केली आहे, आणि व्हिटबीची गाडी तिला दररोज थोडे उत्तर देते.

मराठी वाचकाला ही तुलना जवळची वाटेल, कारण आपल्या माथेरानच्या गाडीपुढे हा प्रश्न उभाच राहू शकत नाही. १९०७ मध्ये सुरू झालेला तो मार्ग २ फूट रुंदीचा आहे; नेरळला मुख्य मार्ग हाकेच्या अंतरावर असूनही तिचा एकही डबा त्यावर चढू शकत नाही, आणि मोठ्या दुरुस्तीसाठी मुंबईला न्यायचा तर तो दुसऱ्या वाहनावर लादावा लागतो. रुंद मार्गावर मात्र आपण हे करून दाखवले आहे. १८५५ मध्ये बांधलेले ‘फेअरी क्वीन’ हे इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभे होते. पेरांबूरच्या कारखान्यात त्याची दुरुस्ती झाली आणि १९९७ मध्ये ते दिल्ली कॅन्टोन्मेंटहून अलवरला प्रवासी घेऊन निघाले. ती सेवा कायम आणि नेमाने चालली असती तर किती बरे झाले असते, असे व्हिटबीच्या फलाटावर उभे राहिले की वाटतेच. तेथे एका धर्मादाय न्यासाने ठरावीक वेळापत्रक, विकत मिळणारे तिकीट आणि वर्षामागून वर्ष सुटणारी गाडी हे जमवले आहे. आपल्याकडे रेवाडीची वाफेच्या इंजिनांची शेड मुख्य मार्गाला लागूनच आहे, आणि तेथील इंजिने अजून तापवली जातात. साधने आहेत, नेम हवा.

ग्रॉसमाँटनंतरचे ६ मैल पाहता पाहता सरतात. गाडी एस्क नदी पुन्हा पुन्हा ओलांडते, स्लाइट्स आणि रुसवार्प ही छोटी स्थानके मागे पडतात, नदी रुंद होत जाते आणि शेवटी लारपूलचा १३ कमानींचा उंच विटांचा पूल डोक्यावरून जातो. तो पूल आता रेल्वेसाठी बंद आहे. त्याखालून वाफेची गाडी जाते. व्हिटबी स्थानकात २०१४ मध्ये दुसरा फलाट पुन्हा उभारला गेला, त्यामुळे वारसा गाडीला स्वतःची जागा मिळाली आणि फेऱ्या वाढवणे शक्य झाले. मुख्य मार्गाच्या स्थानकात वारसा रेल्वेसाठी फलाट बांधला जावा, हा मला या साऱ्या प्रयत्नाचा सर्वांत ठोस पुरावा वाटतो. गाव सुंदर आहे. मठाच्या अवशेषांकडे नेणाऱ्या १९९ पायऱ्या चढाव्यात, बंदरावर ताजे मासे खावेत आणि गाडीच्या वेळेआधी परतावे.

परतीचा प्रवास जाण्यापेक्षा सरस आहे, आणि ज्यांना एकच दिशा परवडते त्यांनी व्हिटबीहून पिकरिंगला जाणारी गाडी निवडावी. ग्रॉसमाँट सोडताच तो ४९ फुटांना १ फूट चढ सुरू होतो आणि इंजिनाचा प्रत्येक श्वास दरीत घुमतो. आपल्या भोर घाटात चढ याहून तीव्र, ३७ फुटांना १ फूट आहे आणि कर्जतला मागून जादा इंजिने लावल्याशिवाय अनेक गाड्या तो चढत नाहीत. हा घाट १८६३ मध्ये, म्हणजे बेक होलच्या उताराला वळसा घालणारा मार्ग होण्याच्या दोनच वर्षे आधी उघडला. त्याचे मुख्य अभियंते जेम्स बर्कले हे जॉर्ज स्टीफन्सन यांचे पुत्र रॉबर्ट यांच्या हाताखाली तयार झाले होते. घाटातून विजेच्या इंजिनामागे झोपेत जाणाऱ्या माणसाला चढ म्हणजे काय असतो हे गोथलँडला कानांनी कळते. त्यासाठी इंजिनालगतच्या पहिल्या किंवा दुसऱ्या डब्यात जागा घ्यावी.

काही व्यावहारिक गोष्टी. सगळ्याच गाड्या व्हिटबीपर्यंत जात नाहीत. वेळापत्रकात दिवस आणि फेरी पाहून मगच तिकीट घ्यावे आणि व्हिटबीच्या फेरीची जागा आगाऊ राखून ठेवावी. गाड्या प्रामुख्याने वसंत ते शरद या काळात असतात. कोरड्या उन्हाळ्यात मूर्सना वणवा लागू नये म्हणून वाफेच्या इंजिनाऐवजी डिझेल इंजिन लावले जाते. केवळ वाफेसाठी येणाऱ्याने निघण्यापूर्वी चौकशी करावी. डब्यांच्या पायऱ्या उंच आहेत, गुडघेदुखी असलेल्या वडीलधाऱ्यांना चढताना हात द्यावा लागेल. यॉर्क आणि माल्टनहून पिकरिंगला बस येते, तेव्हा लीड्स किंवा यॉर्कला राहणाऱ्या मराठी कुटुंबांना मोटारीवाचूनही एका दिवसात हे जमते. मुलांना घेऊन जाणार असाल तर ग्रॉसमाँटला एक गाडी सोडून द्या, त्यांना साखळी जोडताना आणि काटा चढताना दाखवा, आणि मग पुढच्या गाडीने व्हिटबीला जा.